हातगुण

बाटलीतला रंग दिसला आणि ती चालता चालता थांबली. लाल नव्हता तो. जांभळा म्हणावा तर धड तसाही नव्हता. शाईचं पेन धुतल्यावर मोरीत वाहून जातं तसलं गढूळ, मेलेलं पाणी. पॅथॉलॉजी विभागाच्या बोळात फिनेलचा वास दाटला होता, कुठेतरी स्ट्रेचरची चाकं कुरकुरत होती, आणि मॅडमकडे नुकतीच रुजू झालेली ती नवी मुलगी बाटली खिडकीच्या उजेडात धरून उभी होती. "ताई, तुम्ही सांगितलंत तस्संच केलं हो," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी हेच येतं. मॅडम म्हणतात, माझं लक्ष नसतं कामात. आज दुपारच्या बैठकीत माझं काय करायचं तेही ठरवणार आहेत." हिने बाटली हातात घेतली, हलवली, उगाचच तिचा वास घेतला. सोन्याला वास नसतो हे माहीत असून घेतला. "काचसामान आम्लराजात धुतलं होतंस ना?" "दोन-दोनदा, ताई." तिने बाटली परत दिली. मुलीचे डोळे लाल झाले होते. जिथे लाल यायला हवं तिथे आलं नाही आणि भलतीकडेच आलं, असा एक वाईट विनोद तिच्या मनात येऊन गेला, आणि त्या विनोदाचीच तिला लाज वाटली.

सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवायचा आणि त्यातून सोन्याचे डोळ्याला कधीच न दिसणारे कण काढायचे, हा तिचा एवढ्या वर्षांचा उद्योग. कण एका मापाचे निघाले की पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. लहानमोठे, वेडेवाकडे निघाले की हे असं. सगळे लोक आधी अतिसूक्ष्म कणांचं 'बीज' वेगळं तयार करतात आणि मग त्या बीजावर सोनं चढवत नेतात. तिचं म्हणणं, बीज लागतच नाही. साधं क जीवनसत्त्व, थंड पाणी, एक भांडं, आणि कण आपणहून एका मापाचे होतात. प्रबंधाच्या शीर्षकात 'बीजाविना' हा शब्द होता आणि त्या एका शब्दावर तिची पदवी उभी होती. भौतिकीच्या सरांना त्यात नवा सिद्धान्त दिसत होता, पॅथॉलॉजीच्या मॅडमना छोट्या दवाखान्यांत कुणालाही करता येईल अशी रक्ताची चाचणी. दोघेही तिचे मार्गदर्शक. नॅनोचा अभ्यासक्रमच तसा. पहिल्या तासाला एका प्राध्यापकांनी हसत सांगितलं होतं की इथे कुणाचंच माहेर नाही, सगळ्यांचं सासर. वर्ग खो खो हसला होता. ती प्राणिशास्त्र शिकून आलेली, म्हणून भौतिकीवाले तिला बेडूकवाली म्हणायचे, आणि इकडे रक्त तपासणारे तिला यंत्रवाली. दोन मार्गदर्शक असल्याचं आईला फोनवर सांगितलं तेव्हा आई लगेच म्हणाली होती, "बघ हं बाई, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी." पुढे तिचं पाणी लाल होऊ लागलं, दर वेळी, न चुकता, आणि मग ती सगळ्यांचीच सोनारीण झाली. मॅडम पाहुण्यांना घेऊन यायच्या आणि बाटल्यांच्या रांगेसमोर उभं राहून म्हणायच्या, "हिचा हातगुण बघा." ती लाजायची. रात्री झोपताना तो शब्द आठवून तिला बरं वाटायचं, हेही खरं.

"चल, मीच करून दाखवते," ती मुलीला म्हणाली. पॅथॉलॉजीच्या खोलीत तिथलाच गाऊन घालावा लागे. बाहेरचे कपडे आत न्यायचे नाहीत हा रुग्णालयाचा नियम, म्हणून तिचा ॲप्रन दुसऱ्या इमारतीतल्या तिच्या प्रयोगशाळेत खुंटीवरच होता. बाह्या लांब असलेला तो हिरवट गाऊन अंगात चढवताना आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी कातडीत शिरतोय असं तिला वाटलं. तिने सगळं स्वतःच्या हातांनी केलं. मुलीचा चंबू, मुलीचं पाणी, मुलीच्याच टेबलावरची ढवळायची कोरी करकरीत कांडी. थेंब सोडताना मनगट कुठे टेकवायचं, चंबू किती तिरका धरायचा, सगळं हाताला पाठ होतं. पाणी फिकट पिवळं होतं ते रंगहीन झालं, आणि मग त्यात कुठूनतरी एक राखी ढग उठला. ती बघत राहिली. ढग पसरला, जांभळट झाला आणि तसाच राहिला. मुलगी श्वास रोखून शेजारी उभी होती.  "होतं असं कधीकधी," ती मुलीला म्हणाली. आजपर्यंत तिच्या हातून एकदाही झालं नव्हतं.

जिन्याने उतरताना ती आपल्या हातांकडे बघत होती. बोटं तीच, कापल्याची खूण तीच. एखाद्या ओळखीच्या माणसाने भर रस्त्यात ओळख न दाखवता निघून जावं, तसं तिला त्यांच्याकडे बघून वाटलं. उद्या लोक आपला पेपर वाचून तसंच करायला जातील आणि प्रत्येकाच्या चंबूत तो राखी ढग उठेल, दूर कुठल्या तरी खोलीत आणखी एक मुलगी डोळे पुसेल, आणि मग पत्रं येतील, आधी नम्र, मग तुटक. सर पहिल्यापासून एक वाक्य म्हणत आले होते: एकाच्याच हाताला येतं ते शास्त्र नव्हे. तेव्हा ते दुसऱ्यांविषयी असायचं. दोन इमारतींमधल्या काँक्रीटच्या पुलावरून ती चालत होती, खाली गाड्या उभ्या होत्या, ऊन टपांवर आदळून डोळ्यांत येत होतं, आणि तिच्या मनात एकच मोजदाद चालली होती: पाणी बदललं, चंबू बदलला, खोली बदलली, हात तोच. पाणी, चंबू, खोली. यातलं काय खोटं? का हातच खोटा? प्रयोगशाळेत शिरून तिने सवयीने ॲप्रन घातला, सवयीने उजवा हात खिशात गेला, आणि बोटांना कांडी लागली.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. औषधाच्या कॅप्सूलएवढी ती पांढरी कांडी, आत लोहचुंबक, वरून प्लास्टिकचं आवरण. चंबूत टाकायची आणि खालचं यंत्र चालू केलं की ती गरागरा फिरून पाणी ढवळते. अशा कांड्या प्रयोगशाळेत कधीच जागेवर नसतात. कुणीतरी उचलून नेतं, नाहीतर चंबू रिकामा करताना नळाखालून गटारात जातात. म्हणून ती आपली कांडी साबणाने धुवायची, पुसायची आणि खिशात टाकायची. चंबू, नळ्या, सगळं आम्लराजात जायचं. त्या पिवळ्या धुराच्या ॲसिडात सोन्याचा कणही शिल्लक राहत नाही, म्हणून ते नियमाने वापरायचं. कांडी तेवढी कधी गेली नाही. ती काय, नुसती ढवळायची वस्तू. ताटवाट्या घासाव्यात आणि डाव नुसता विसळून ठेवावा, तसं. शिवाय ती लाभते असंही तिला कुठेतरी वाटायचं, पण हे तिने कुणाला सांगितलं नसतं, जीव गेला तरी.

कांडी बुवाची. बुवा तिच्या आधीचा, सरांचाच विद्यार्थी. पाणी ढवळत असताना तो डोळे मिटून स्टुलावर बसायचा, म्हणून सगळे म्हणायचे बुवा समाधीत गेले. तो बीज तयार करायचा. सगळ्यांपेक्षा बारीक बीज, एवढं बारीक की त्या वेळच्या यंत्राला ते दिसतच नव्हतं. तो म्हणायचा, आहे. सर म्हणायचे, कुठे आहे? एका बैठकीत सरांनी त्याची बाटली उजेडात धरली होती, तिच्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती, आणि सर शांतपणे म्हणाले होते, "हे पाणी आहे. इतकी वर्षं तू पाणी ढवळतोयस." कुणीतरी हसलं. ती हसली नव्हती. पण मान खाली घालून बसली होती, आणि मान खाली घालून बसलेल्या माणसाचा चेहरा दुरून हसल्यासारखाही दिसू शकतो. बुवा सोडून गेला. जाताना टेबल आवरलं, खिशातून कांडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "घे. टेबलावरून पडून पडून जरा खरचटलीय, पण फिरते छान." एवढंच. आता तो एका रंगाच्या कारखान्यात रंग जुळवतो. मागे एकदा त्याचा निरोप आला होता, की पांढऱ्याचे किती प्रकार असतात ते आत्ता कळतंय. तिने उत्तर दिलं नाही. तिचं पाणी तेव्हा नुकतंच लाल होऊ लागलं होतं, आणि अपयश हे सर्दीसारखं लागतं अशी तिला भीती वाटत होती. तो तिला आवडायचा. तेही ती त्या वेळी विसरली.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कांडी ठेवताना तिला लहानपणचं एक पातेलं आठवलं. घरात तान्हा भाऊ होता, आणि पातेलं घासायचं काम तिचं होतं. तिने ते वरवर घासलं, खेळायची घाई होती. कडेच्या वळीत आदल्या दिवशीचं दही राहिलं. आईने त्यात बाळाचं दूध ठेवलं. दुपारी झाकण काढलं तर दूध विरजलेलं, घट्ट, सुरीने कापावं असं. आईने बडबड केली, बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि ती मात्र त्या पातेल्याकडे बघतच राहिली होती: कुणी काही न घालता एवढं सगळं कसं बदललं? कुणी काही न घालता. भिंगातून आधी नुसता पांढरा उजेड दिसला. मग तिने स्क्रू हलके फिरवला आणि ओरखडे वर आले, आडवेतिडवे. त्यांच्या तळाशी, विटेची भुकटी बसावी तसा, तांबूस रंग होता. ओरखड्या-ओरखड्यात. जेवढं सोनं सुटून जायचं तेवढं दर वेळी नवं बसत गेलं असणार. हे सोनं पाहिल्यावर कुठल्याही माणसाला आनंद व्हायला हवा, असं तिला वाटलं. आपली सगळी वर्षं त्या तांबूस रेघेत मावताहेत हे तिला दिसलं. विरजण बुवाचं होतं. तिने फक्त दूध ओतलं होतं. आयत्या बिळावर नागोबा, नाहीतर काय.

दुपारपर्यंत वेळ होता आणि तो वेळच तिचा वैरी झाला. कॅन्टीनमध्ये तिने चहा घेतला, तो निवला, त्यावर साय धरली. शेजारच्या टेबलावर दोन संगणकवाले कुणाच्या तरी लग्नावरून वाद घालत होते. गप्प बसलं तर? कांडी खिशात आहे, हात पाठ आहे, पाणी लाल होईल. सरांचा पेपर छापला जाईल, तिला पदवी मिळेल. नव्या मुलीचं मात्र ठरेल, की हिच्या हाताला यश नाही. ती दुसरं काहीतरी करेल; करतातच लोक; रंग जुळवतात. आणि सांगितलं तर? शीर्षक जाईल. शीर्षक गेलं की खाली राहतं काय? इतक्या जणांनी आधीच केलेलं, जरा वेगळ्या चंबूत. आईला काय सांगायचं, की मी पातेलं नीट घासलं नव्हतं? मध्येच तिला वाटलं, कांडी आत्ता उठून आम्लराजात टाकावी, मग खोटं बोलायची सोयच उरणार नाही. पण मग खरं सांगायची सोय तरी कुठे उरेल? ती खिशातल्या खिशात कांडी बोटांवर फिरवत राहिली, आणि ती हाताच्या उबेने गरम झाली.

बैठक तिच्याच प्रयोगशाळेत होती. सर, मॅडम, ती, आणि दाराजवळ उभी असलेली नवी मुलगी. धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात आम्लराजाचं भांडं नेहमीसारखं तयार होतं, त्यावर पिवळसर वाफ तरंगत होती.

"काय सोनारीणबाई," सर म्हणाले, "तिकडे म्हणे तुझी डाळ शिजत नाही?"

"डाळ हिची ठीक आहे हो," मॅडम म्हणाल्या. "आमच्याच पोरीचं लक्ष थाऱ्यावर नसतं. शेवटी हातगुण असतो एकेकाचा. हिचं बघून घेऊ आणि मग त्या पोरीऐवजी दुसरं कुणीतरी बघते मी या कामाला."

"हातगुण डॉक्टरांचा, मॅडम. आमच्याकडे त्याला जादूचे प्रयोग म्हणतात." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कर बघू. समोर कर."

तिने खिशातून हात काढला. "मी नाही करत, सर. ही करेल." आणि कांडी तिने मुलीच्या हातावर ठेवली. बुवाने तिच्या ठेवली होती तशीच, काही न बोलता.

मुलगी घाबरली होती. थेंब चंबूच्या कडेवरून ओघळला, क जीवनसत्त्व जरा जास्तच पडलं. कांडी तळाशी फिरू लागली, तिचा तो बारीक टकटक आवाज येऊ लागला. पाणी रंगहीन झालं. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. सर खाली वाकले. ढग उठला नाही. तळापासून एक गुलाबी छटा वर चढली, कुणी कानशिलं तापेपर्यंत लाजावं तशी, आणि बघता बघता सगळा चंबू लाल झाला. स्वच्छ, खोल लाल. त्यातून पलीकडचे सर लाल दिसत होते.

"आला!" मुलगी ओरडली. तिने चंबू उचलून उंच धरला. "ताई, आला हो! माझ्या हाताला आला!"

मॅडम हसल्या. "बघ, लक्ष दिलं की होतं." सरांनी चष्मा नाकावर घेतला, आणि त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलं दिसलं. "चला. म्हणजे कृतीत खोट नाही. पेपर धाडू या मग." सगळं संपलं होतं. मुलगी वाचली होती, पेपर वाचला होता, ती वाचली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला काही पदवी लागत नाही. बुवाच्या बैठकीतही ती अशीच बसली होती. तिला आपली मान खाली जाताना कळली, आणि त्या कळण्याचाच तिला इतका संताप आला की तोंडातून शब्द बाहेर पडले तेव्हा ते भांडल्यासारखे होते.

"त्यात बीज आहे, सर."

"कशात?"

"कांडीत. खरचटलीय ती. ओरखड्यांत सोनं बसलंय. मी ती कधी आम्लराजात घातली नाही, साबणाने धुऊन खिशात टाकायची, हरवू नये म्हणून. हिच्याकडे कांडी कोरी होती, म्हणून येत नव्हतं. सकाळी मी हिच्याच कोऱ्या कांडीने केलं, मलाही नाही आलं."

 मॅडमचं तोंड उघडं होतं. "अगं पण तुझं शीर्षकच आहे ना, बीजाविना?"

"हो."

"ते जाईल."

"जाईल," ती म्हणाली, आणि तिला रडू यायला लागलं ते तिने येऊ दिलं.

सर मुलीच्या हातातल्या चंबूकडे वळले. मग म्हणाले, "कसलं बीज? आलं कुठून? तू तर कधी केलंच नाहीस."

"बुवाचं."

"त्याचं?" सरांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, सवयीचं, आणि मग ते तसंच चेहऱ्यावर अडकलं. "त्याचं तर नुसतं पाणी होतं."

"नव्हतं, सर."

सरांनी लांब चिमटा घेतला, मुलीने उंच धरलेल्या चंबूत घातला आणि कांडी बाहेर काढली. उजेडात धरली, फिरवली. ओरखडे त्यांना दिसले असावेत. "खात्री करायची तर मार्ग एकच," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "ही धुवायची आणि पुन्हा करायचं. लाल आलं नाही, तर तुझं खरं." आणि ते काचेच्या कपाटाकडे वळले. त्यांचं बरोबर होतं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं. प्रयोग असाच करतात. कांडी वाफेच्या वर गेली, तिच्यावरून एक लाल थेंब आम्लात पडला आणि पडल्या पडल्या त्याचा लाल नाहीसा झाला. बुवा मिटल्या डोळ्यांनी स्टुलावर बसलेला तिला दिसला. आहे, म्हणत होता. ती दोन पावलं पुढे गेली आणि तिने सरांचं मनगट धरलं. आजवर तिने त्यांच्या हाताला कधी बोटही लावलं नव्हतं. मनगट म्हाताऱ्या माणसाचं होतं, हाडकुळं.

"नंतर धुवा," ती म्हणाली. "आता ते मोठं यंत्र आलंय ना आपल्याकडे? आधी त्याखाली बघा, सर. तेव्हा तुम्ही बघितलं नव्हतंत."

सरांनी हात सोडवून घेतला नाही. मॅडम खुर्चीत बसल्या. मुलगी लाल चंबू उंच धरून तशीच उभी होती, आणि तो खाली ठेवायचा की नाही हे तिला कुणीच सांगत नव्हतं.